तारेपलीकडचे शेत

मुंबईहून सुटणारी पंजाब मेल सुमारे १,९०० किलोमीटर धावून फिरोजपूर छावणी स्थानकात विसावते. १९१२ साली ही गाडी सुरू झाली तेव्हा ती थेट पेशावरपर्यंत जात असे. फाळणीने तिची धाव आखूड केली. बँकेच्या नोकरीत बदली पाचवीला पुजलेली असते, हे ज्यांच्या घरी कोणी बँकेत आहे त्यांना निराळे सांगावयास नको. परंतु बदलीचे ठिकाण आणि आगगाडीचे शेवटचे स्थानक एकच असावे, हा योग विरळा. कुटुंबकबिल्यासह मी या स्थानकात उतरलो, तेव्हा सामान उचलता उचलता हमालाने सांगितले होते, की साहेब, यापुढे गाव नाही, सरहद्द आहे.

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे नव्हते. सरहद्दीपर्यंत आणि सरहद्दीला चिकटूनही गावे आहेत, शेते आहेत, आमच्या शाखेचे खातेदारही आहेत. मात्र नव्याने आलेल्या माणसास ती प्रथम दिसतात ती कागदांतून. आपल्याकडे जसा सातबारा, तशी पंजाबात जमाबंदी आणि तिची नक्कल म्हणजे ‘फर्द’. पीकपाहणीस येथे ‘गिरदावरी’ म्हणतात. एकराला ‘किल्ला’ हा शब्द रूढ आहे. त्याचे आठ कनाल आणि एका कनालाचे वीस मरले. पुण्याकडच्या गुंठ्यांवर पोसलेल्या माझ्या डोक्यात हे कोष्टक बसावयास दोन महिने लागले. त्यानंतर एक नवी गोष्ट ध्यानात आली. कर्जाचा अर्ज घेऊन येणारा शेतकरी आपली जमीन सांगताना सहज म्हणे, “दोन किल्ले अलीकडे, पाच किल्ले तारों पार.” तारों पार, म्हणजे तारेच्या पलीकडे. फर्दीवर मात्र या तारेचा उल्लेख कोठेही नसतो. कागदावर सातही किल्ले एकसारखेच.

ही तार म्हणजे भारत-पाकिस्तान सीमेवरील काटेरी कुंपण. पंजाबची पाकिस्तानला लागून असलेली सीमा ५५३ किलोमीटरची आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस, दहशतवाद ऐन भरात असताना, शस्त्रांची आणि माणसांची चोरटी ये-जा रोखण्यासाठी येथे कुंपण घालण्यास प्रारंभ झाला. ते सीमारेषेवर घातलेले नाही. सीमारेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणाचे बांधकाम करू नये, असा दोन्ही देशांमधील जुना संकेत आहे. शिवाय नदीची वळणे, ओढे आणि दलदल टाळून तार न्यावी लागली. परिणामी काही ठिकाणी ती सीमेपासून पुष्कळच आत आली, आणि पंजाबातील २१,००० एकरांहून अधिक शेतजमीन भारतातच राहूनही कुंपणाच्या पलीकडे गेली. ती जमीन कसणारा शेतकरी आपल्याच देशात, आपल्याच शेतात, ओळखपत्र दाखवून आणि झडती देऊन जातो.

हे सारे मी वर्षभर ऐकत होतो. पाहिले मात्र नव्हते. २०२५ चे वर्ष येथे सुखाचे गेले नाही. मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत रात्री दिवे मालवून बसावे लागले, आणि ऑगस्टमध्ये सतलजला महापूर येऊन सीमेलगतची गावे पाण्याखाली गेली. गेल्या हिवाळ्यात सारे स्थिरस्थावर झाल्यावर आई पुण्याहून आमच्याकडे राहावयास आली. तिचे माहेर खेड तालुक्यातले. १९०८ मध्ये ज्या खेड गावी शिवराम हरी राजगुरू जन्मले आणि जे पुढे त्यांच्याच नावाने राजगुरुनगर झाले, ते खेड. लहानपणी बाजाराच्या दिवशी भीमेकाठचा तो वाडा तिला वडिलांनी अनेकदा दाखविला होता. येताना तिने सुवर्णमंदिराची चौकशी केली नाही की लोकरीच्या शालींची. “हुसैनीवाला किती लांब आहे रे तुझ्या घरापासून?” एवढेच विचारले.

हुसैनीवाला फिरोजपूर शहरापासून जेमतेम अकरा किलोमीटर. तेव्हा एक रविवार ठरविला. योगायोगाने त्याच वाटेवरच्या एका गावातील आमच्या खातेदाराने घरी येण्याचा आग्रह पुष्कळ दिवस धरला होता. वाळू साचलेली जमीन पूर्ववत करण्यासाठी त्यांचा कर्जाचा अर्ज माझ्या मेजावर होता, म्हणून मी थोडा संकोचत होतो. शेवटी जेवण घ्यावयाचे पण अर्जाविषयी त्या दिवशी चकार शब्द काढावयाचा नाही, असे उभयपक्षी ठरले. (खातेदाराचे नाव-गाव सांगणे आमच्या धंद्याच्या रीतीत बसत नाही; वाचकांनी त्यांना सरदारजी म्हणूनच ओळखावे.)

आम्ही सकाळी लवकर निघालो. वाटेत सारागढी गुरुद्वारात क्षणभर थांबलो. १२ सप्टेंबर १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरील सारागढी चौकीत छत्तिसाव्या शीख पलटणीचे एकवीस जवान शेवटच्या माणसापर्यंत लढले. त्यांच्या स्मरणार्थ १९०४ मध्ये ही वास्तू उभी राहिली. तेथून पुढे दुतर्फा गहू आणि मधूनमधून मोहरीचे पिवळे पट्टे लागले. माझी नऊ वर्षांची कन्या खिडकीशी डोळे लावून पाकिस्तान शोधत होती. “बाबा, दिसायला लागलं की सांगा हं,” असे तिने चारदा बजावले. धुके विरले तेव्हा शेतांच्या कडेने एक उंच, दुहेरी, वर गुंडाळ्या केलेली तार दिसू लागली आणि तिच्यालगत दिव्यांचे खांब. तिच्यापलीकडेही तसाच हिरवा गहू होता. कन्येची निराशा झाली. तो गहू भारतातलाच आहे हे तिला पटवून देण्यात बराच वेळ गेला. खरे सांगावयाचे तर, वडीलधाऱ्यांनाही ते पचनी पडावयास वेळ लागतो.

गावाबाहेरील फाटकाशी आम्ही पोहोचलो तेव्हा ते उघडण्याची वेळ झाली होती. येथील दिवस या फाटकाच्या वेळापत्रकाने चालतो. सकाळी उघडावयाचे, दुपार कलली की बंद. दाट धुके असेल तर उघडण्यास उशीर, सीमेवर तणाव असेल तर मुळीच नाही. दहा-बारा ट्रॅक्टर आणि तीस-चाळीस माणसे रांगेत उभी होती. प्रत्येकाकडे सीमा सुरक्षा दलाने दिलेले ओळखपत्र. वहीत नाव, वेळ, बरोबरची अवजारे यांची नोंद. ट्रॅक्टरच्या सीटखाली, इंजिनापाशी, खताच्या गोण्यांत तपासणी. जेवणाचे डबेसुद्धा उघडून पाहिले जात होते. खुरपणीस जाणाऱ्या बायकांची झडती घेण्यास महिला जवान होत्या. सीमा सुरक्षा दलात महिलांची पहिली तुकडी २००९ मध्ये दाखल झाली आणि तिची नेमणूक पंजाबच्या सीमेवरच झाली, त्याचे एक कारण हेच. तोवर शेतकरी स्त्रियांची झडती घेणार कोण, म्हणून त्यांना पलीकडे जाणे दुरापास्त होते. शेतकऱ्यांबरोबर बंदूकधारी जवानही पलीकडे जातात. त्यांना ‘किसान गार्ड’ म्हणतात. पेरणी, कोळपणी, कापणी होईतो हे गार्ड शेताच्या कडेला उभे असतात. त्यांचेही काम सोपे नाही. याच शेतांतून शस्त्रे आणि अंमली पदार्थ अलीकडे आणण्याचे प्रयत्न होतात, आणि ज्याची झडती घ्यावयाची तो शंभरांतला नव्याण्णव वेळा निव्वळ कष्टकरी शेतकरी असतो.

आम्हांस पलीकडे जाण्याची अनुमती नव्हती आणि आम्ही ती मागितलीही नाही. सरदारजींनी तारेअलीकडूनच बोट दाखवून आपले पाच किल्ले दाखविले. मधोमध शिसवी रंगाची जुनी टाहली, तिच्या डावीकडे हिरवा गहू आणि उजवीकडे पांढुरकी, वाऱ्याने लाटा उठलेली वाळू. पुराने आणलेली. पाण्याबरोबर सुपीक गाळ येतो असे आपण शाळेत शिकतो. येथे काही शेतांत हातभर वाळू येऊन पडली. पूर ओसरल्यावर पंजाब सरकारने ‘जिसका खेत, उसकी रेत’ असे धोरण जाहीर करून शेतातील वाळू शेतकऱ्यास उचलण्याची व विकण्याची मुभा दिली. परंतु तारेपलीकडील वाळू उपसावयाची तर यंत्र, त्याचा चालक, ट्रॉल्या आणि त्यांचे मजूर या सर्वांची फाटकावर नोंद हवी, आणि हातात वेळ दिवसाकाठी जेमतेम सहा-सात तास.

आई शेतकऱ्याची मुलगी. वाळू, यंत्रे हे सगळे ऐकून घेतल्यावर तिने एकच प्रश्न विचारला.

“मग रात्री दारं कोण धरतं यांची?”

आमच्याकडे वीज रात्रीची येते, म्हणून शेतकरी रात्री उठून बॅटरीच्या उजेडात पाटाला दारे धरतो. रात्री शेतावर गेलेला माणूस ही तिच्या लेखी शेतीची साधी खूण. मी प्रश्नाचे हिंदी केले. सरदारजी हसले. म्हणाले, “माताजी, रात्री तिकडे कोणी नसते. इंजिन डिझेलचे आहे, पाणी दिवसाच द्यायचे. रात्री शेत रानडुकरांचे आणि बीएसएफचे.” पीक कापणीला आले आणि सलग चार दिवस फाटक उघडले नाही तर काय, हे मी विचारले नाही. मे २०२५ चे दिवस मला आठवत होते; गव्हाची कापणी त्याआधी उरकली होती, एवढेच सुदैव.

जेवणाचा बेत पंजाबी हिवाळ्याचा होता. मोहरीच्या पाल्याचा साग, त्यावर लोण्याचा गोळा, मक्याची रोटी, मुळा आणि गूळ. आईने रोटी मोडून पाहिली आणि थापण्याची तऱ्हा सरदारणींना विचारून घेतली. मका कोणत्या शेतातला, या सौभाग्यवतींच्या प्रश्नावर समजले, की तो तारेअलीकडचाच असणार. पलीकडे मका, ऊस, कापूस अशी माणूस दडेल इतकी उंच पिके घेण्यास मनाई आहे. गहू आणि भात, यांवर तेथील शेती येऊन ठेपते. साऱ्या देशात पीकबदलाचा उपदेश चालू आहे आणि आम्ही बँकवालेही तो हिरिरीने करतो. तारेपलीकडच्या शेतकऱ्यास तो करताना जीभ थोडी अडखळते.

जेवता जेवता जुन्या गोष्टी निघाल्या. सरदारजींचे आजोबा १९४७ मध्ये कसूरच्या बाजूने आले. तिकडे मागे टाकलेल्या जमिनीच्या बदल्यात निर्वासितांना पूर्व पंजाबात जमीन देण्यात आली. पण येथे उपलब्ध जमीन कमी, आणि तिकडची कालव्याखालची तर इकडची बरीच कोरडवाहू. तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांनी ‘स्टँडर्ड एकर’ नावाचे माप काढले. जमिनीचा मगदूर पाहून एकराचे मोल ठरवावयाचे आणि वरच्या टप्प्यांना अधिकाधिक काट लावावयाची. हिशेबाच्या दृष्टीने ती एक अद्भुत कामगिरी होती; लाखो कुटुंबांचे ताळेबंद त्यातून जुळविले गेले. त्या काटीतून आजोबांच्या वाट्यास आलेल्या जमिनीतूनच चाळीस वर्षांनी तार गेली. सरदारजींनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. पाहुण्यांना वंशावळ सांगावी तसे सांगितले. कुंपण सीमेच्या जवळ सरकवावे अशी येथील शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे, आणि ती मान्य झाली तर आपल्या किल्ल्यांपैकी कोणते अलीकडे येतील, हे त्यांनी जमिनीवर काडीने रेघा ओढून मला दाखविले.

दुपारी त्यांचा निरोप घेऊन आम्ही हुसैनीवाल्याकडे वळलो. येथे सतलजवर धरण आहे; १९२० च्या दशकात ते बांधले गेले आणि त्यातून निघणाऱ्या गंग कालव्याने १९२७ मध्ये बिकानेर संस्थानाच्या वाळवंटात पाणी नेले. ज्याला आज आपण श्रीगंगानगरचा हिरवा मुलूख म्हणतो, त्याची चावी येथे होती. म्हणूनच १९४७ मध्ये या भागासाठी रस्सीखेच झाली. रॅडक्लिफ यांच्या निवाड्याचा जो कच्चा आराखडा ऑगस्टच्या प्रारंभी लाहोरला पोहोचला, त्यात फिरोजपूर आणि झिरा हे तालुके पाकिस्तानकडे दाखविलेले होते. १७ ऑगस्टला निवाडा प्रसिद्ध झाला तेव्हा ते भारतात होते. मधल्या दिवसांत काय घडले यावर इतिहासकार आजही वाद घालतात. फिरोजपूर आपल्याकडे राहिले, पण नदीकाठचा हुसैनीवाला मात्र पलीकडे गेला.

आणि नेमकी तीच जागा होती. २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेच्या आदल्या दिवशीच, लाहोरच्या मध्यवर्ती कारागृहात भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशी देण्यात आली. बाहेर लोक जमत होते, म्हणून मृतदेह रातोरात गुपचूप सतलजच्या काठी आणून त्यांना अग्नी देण्यात आला. राजगुरू तेव्हा बावीस वर्षांचे होते. स्वतंत्र भारतात त्या तिघांची दहनभूमी परदेशात होती, हे आज फारसे कोणास आठवत नाही. १७ जानेवारी १९६१ रोजी सुलेमानकी धरणाजवळील बारा गावे पाकिस्तानला देऊन हुसैनीवाला भारताने परत मिळविला. बारा गावे देऊन एक घाट. कोणत्याही शाखाधिकाऱ्यासमोर असा व्यवहार आला तर तो मूल्यांकनाचा कागद परत पाठवील. या व्यवहारात मूल्यांकन कशाचे झाले, हे स्मारकासमोर उभे राहिल्यावर कळते.

“त्या बारा गावांतली माणसं?” आईने विचारले. सरदारजींच्या आजोबांची गोष्ट नुकतीच ऐकली होती. तिला निराळे उत्तर लागले नाही.

स्मारकाच्या प्रवेशापाशी पुन्हा तपासणी. आईच्या पिशवीत एक लहान प्लास्टिकची कुपी निघाली. भीमेचे पाणी, खेडहून भावाकरवी मागवून तिने जपून आणलेले, आम्हां कोणास न सांगता. महिला जवानाने नियमाप्रमाणे सांगितले, “माताजी, आधी एक घोट स्वतः पिऊन दाखवा.” आईने कुपी उघडली, तळहातावर थोडे घेऊन तीर्थ घ्यावे तसे घेतले, डोळ्यांना लावले. ती मुलगीही क्षणभर थबकली आणि मग कुपी तिने स्वतः टोपण लावून परत दिली.

स्मारक १९६८ मध्ये उभारले गेले. तीन वर्षांतच १९७१ चे युद्ध झाले. डिसेंबरच्या पहिल्याच रात्रींत हा भाग पाकिस्तानच्या हाती पडला. शत्रूला नदी ओलांडता येऊ नये म्हणून येथील जुना दुमजली रेल्वेपूल आपल्याच सैन्याने उडविला. परत जाताना पाकिस्तानी सैन्याने हुतात्म्यांचे पुतळे नेले. १९७३ मध्ये, झैलसिंग पंजाबचे मुख्यमंत्री असताना, स्मारक नव्याने उभे राहिले. तिघांच्या शेजारी आणखी दोन समाध्या आहेत. मध्यवर्ती विधिमंडळात भगतसिंगांबरोबर बाँब टाकणारे बटुकेश्वर दत्त १९६५ मध्ये दिल्लीत वारले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन येथे झाले. भगतसिंगांच्या मातोश्री विद्यावती यांचे १९७५ मध्ये निधन झाले. त्याही येथेच आहेत. आईने राजगुरूंच्या पुतळ्यासमोर कुपी रिकामी केली आणि मग विद्यावतींच्या समाधीपाशी बराच वेळ बसून राहिली. आम्ही तिला हाक मारली नाही.

सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात एक लहानसे पिस्तूल आहे. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात साँडर्सवर भगतसिंगांनी झाडलेले ते हेच. इंदूर येथील दलाच्या शस्त्रसंग्रहातून ते शोधून २०१७ मध्ये येथे आणण्यात आले. त्या दिवशी पहिली गोळी राजगुरूंची होती. काशीत संस्कृत शिकलेला, नेमबाजीत वाकबगार असा हा तरुण पुढे पुण्यात पकडला गेला. मराठी माणसास या ठिकाणी आणखी एक दुवा सापडतो. सप्टेंबर १९६५ च्या युद्धात हुसैनीवाल्याचे रक्षण मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीने, म्हणजे ‘काळी पाचवीण’ने केले. पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल नोलन या लढाईत कामी आले, पण धरण आणि पूल शत्रूच्या हाती पडू दिला नाही. उडविलेल्या पुलाचे गोळ्यांनी चाळण झालेले बुरूज अद्याप उभे आहेत. बुजविलेले नाहीत, हे बरे केले.

सूर्य कलला तसे लोक संचलनाच्या जागेकडे निघाले. ध्वज उतरविण्याचा हा सोहळा अटारी-वाघा येथे भव्य प्रमाणावर होतो. तेथील प्रेक्षागृह एखाद्या क्रिकेटच्या मैदानासारखे आहे. हुसैनीवाल्याचे रूप निराळे. पलीकडे कसूर जिल्ह्यातील गंडासिंगवाला. दोन्हीकडची माणसे इतकी जवळ बसतात, की समोरच्या बाईच्या शालीचा रंग आणि मुलांच्या हातातील खाऊ सहज दिसतो. एप्रिल २०२५ मधील पहलगामच्या हल्ल्यानंतर येथील शिष्टाचारात बदल झाला. सोहळा काही दिवस प्रेक्षकांसाठी बंद होता. मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला तो फाटक बंद ठेवून आणि हस्तांदोलन वगळून. आम्ही पाहिला तोही असाच. बुटांचे आवाज, उंच जाणारे पाय, ताणलेल्या मिशा, दोन्ही बाजूंच्या घोषणा. घोषणांचा मला स्वतःला फारसा सोस नाही. शेजारच्या तरुणांच्या आवाजाने कान बधिर झाले, हेही नमूद करतो. पण त्यानंतर जे झाले ते पाहण्यासारखे होते. दोन्ही ध्वज एकाच क्षणी, एकाच गतीने खाली येऊ लागले. कोणाचाही ध्वज दुसऱ्याहून वर राहू नये, याची काळजी दोन्ही दोऱ्यांवरची माणसे एकमेकांकडे पाहत घेत होती. समोरासमोर इतका अविश्वास, आणि तरीही हातांचा एवढा मेळ. दिवसअखेरीस दोन रोखपालांची रोकड पैशापैशाने जुळावी, तसा.

“बाबा, दार उघडतच नाहीत तर मग ते बनवलं कशाला?” कन्येने विचारले. पूर्वी येथून माणसे ये-जा करीत, आगगाडीही याच बाजूने कसूरकडे जात असे, हे मी तिला सांगितले. तिने सकाळचे फाटक काढले. “आणि सरदारजी आजोबांचं दार रोज उघडतं ना?” त्याची वेळ तेव्हा टळून गेली होती. परतताना रस्त्यावर त्या गावाकडे जाणारे ट्रॅक्टर दिसले, रिकाम्या ट्रॉल्यांत बसलेल्या बायका, डब्यांच्या पिशव्या. दुरून तारेवरचे दिवे लागले होते आणि त्यांच्या उजेडाची सरळ रेघ शेतांमधून दूरपर्यंत गेलेली दिसत होती.

पुढच्या आठवड्यात अर्ज पुन्हा समोर घेतला. छापील नमुन्यात ‘जमिनीस जाण्यायेण्याचा मार्ग’ असा एक रकाना असतो. त्यात बहुधा ‘पक्का रस्ता’ किंवा ‘गाडीवाट’ लिहिले जाते. मी फाटकाच्या वेळा लिहिल्या, वाळू उपसण्यास नेहमीहून दुप्पट दिवस धरावेत असे लिहिले आणि परतफेडीचा पहिला हप्ता एका हंगामाने पुढे न्यावा अशी शिफारस केली. वरिष्ठांकडून दोन शंका आल्या, त्यांची उत्तरे दिली. कर्ज मंजूर झाले. पाचांपैकी दोन किल्ल्यांवरची वाळू निघाली. बाकीच्या तिहींची भातलावणीपूर्वी निघेल, असे सरदारजींचे म्हणणे.

ज्या ग्राहकांना हुसैनीवाल्यास जावयाचे असेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. मुंबईहून पंजाब मेल थेट फिरोजपूर छावणीस येते; अमृतसर व लुधियाना येथूनही रस्त्याने येता येते. शहरातून रिक्षा आणि मोटारी मिळतात. स्मारक दिवसभर पाहता येते. ध्वज उतरविण्याची वेळ सूर्यास्तानुसार ऋतुमानाप्रमाणे बदलते, आणि सीमेवरील परिस्थितीनुसार प्रवेश बंदही राहतो, तेव्हा निघण्यापूर्वी स्थानिक चौकशी अवश्य करावी. छायाचित्र असलेले ओळखपत्र प्रत्येकाजवळ हवे. २३ मार्चला येथे मोठा मेळा भरतो; गर्दी सोसवत असेल तर तो दिवस निवडावा, नसेल तर हिवाळ्यातील साधा वार बरा. कुंपणालगतच्या गावांत मात्र कोणी आमंत्रणाशिवाय आणि परवानगीशिवाय जाऊ नये. पाण्याची बाटली बरोबर असेल तर ती प्रवेशापाशी पिऊन दाखवावी लागते.